समालोचनाच्या खुर्चीतून पुन्हा मैदानावर



अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक निवृत्त झाला की दूरचित्रवाणीवर समालोचक होतो, आणि काही वर्षांनी एखादा संघ त्याला पुन्हा बोलावतो, हे अनेकदा घडले आहे. अशा वेळी परतावे की नाही, याचे उत्तर बहुतेक जण त्याच्या जुन्या विजयांत शोधतात. ते तिथे सापडत नाही. काम ज्या कारणाने सोडले ते कारण दूर झाले आहे का, आणि मधल्या काळात बदललेला खेळ नव्याने शिकण्याची तयारी आहे का, या दोन प्रश्नांवर ते अवलंबून असते. दोन्हींचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ असेल, तर परतणे योग्य. गेलेला मान परत मिळवणे एवढाच हेतू असेल, तर परतू नये.

आधी हे काम सोडावेसे का वाटते ते समजून घ्यायला हवे. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, मुख्य प्रशिक्षकाकडे 53 खेळाडूंचा संघ आणि सहायक प्रशिक्षकांचा मोठा ताफा असतो. 1978 पासून नियमित हंगामात प्रत्येक संघ 16 सामने खेळत असे. 2021 पासून 17 खेळतो. सामना साधारणपणे आठवड्यातून एकच असतो, पण मधले सगळे दिवस प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहणे, डावपेच आखणे, सराव, दुखापती, मालकांशी चर्चा आणि पत्रकारांना उत्तरे यांत जातात. सामने मोजकेच असल्याने प्रत्येक पराभव महाग पडतो. म्हणून या पेशातली माणसे बहुधा तीन कारणांनी बाहेर पडतात: शरीर आणि मन थकते, मालकाशी पटत नाही, किंवा संघ त्यांना काढून टाकतो. पुढे परतण्याचा विचार करताना यांतले आपले कारण कोणते होते, हे ज्याचे त्याने स्वतःशी स्पष्ट करून घ्यायला हवे.

समालोचनाची वर्षे वाया जात नाहीत. प्रशिक्षक असताना माणूस स्वतःच्या संघात बुडालेला असतो. समालोचक झाल्यावर तो हंगामभर वेगवेगळे संघ जवळून पाहतो. सामन्याआधी दोन्ही बाजूंच्या प्रशिक्षकांशी आणि खेळाडूंशी त्याचे बोलणे होते, त्यांच्या चित्रफिती तो अभ्यासतो, आणि गुंतागुंतीची चाल सामान्य प्रेक्षकाला थोडक्या शब्दांत समजावून सांगतो. त्याची नजर रुंदावते. मात्र एक गोष्ट या खुर्चीत मिळत नाही, ती म्हणजे निर्णयाची जबाबदारी. चाल फसल्यावर ती का फसली हे सांगणे आणि 40 सेकंदांचे घड्याळ चालू असताना पुढची चाल निवडणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचा रोज सराव असला तरी दुसऱ्याचा सराव सुटतो.

न परतण्याचे सर्वांत ठळक उदाहरण जॉन मॅडन यांचे आहे. 1969 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, ते ओकलंड रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. दहा हंगामांत त्यांनी नियमित हंगामातले 103 सामने जिंकले, 32 हरले आणि 7 बरोबरीत सोडवले. जानेवारी 1977 मध्ये त्यांच्या संघाने मिनेसोटा वायकिंग्जला 32–14 असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्यानंतर दोन हंगामांनी, पोटातल्या अल्सरने आणि कामाच्या ताणाने बेजार होऊन, वयाच्या 42 व्या वर्षी ते थांबले. 1979 मध्ये ते सीबीएसवर समालोचनाला लागले आणि 1981 पासून पॅट समरॉल यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. पुढे फॉक्स, एबीसी आणि एनबीसी अशा वाहिन्यांवरून 2009 पर्यंत ते खेळ समजावत राहिले. चेंडूच्या मागे धावणारी प्रेक्षकांची नजर त्यांनी आघाडीच्या फळीतल्या धिप्पाड, अनाम खेळाडूंकडे वळवली; पडद्यावर रेघा ओढून कोण कोणाला अडवतो आहे हे दाखवले. 1988 पासून त्यांच्या नावाचा संगणकीय खेळही घराघरांत पोहोचला. मॅडन यांनी शिकवणे सोडले नाही. एका संघाऐवजी त्यांनी साऱ्या देशाला शिकवले. बिल काउअर हेही असेच. 2006 चा सुपर बोल जिंकून पुढच्या वर्षी त्यांनी पिट्सबर्ग स्टीलर्स सोडले, सीबीएसवर गेले आणि पुन्हा प्रशिक्षक झाले नाहीत. अशा निर्णयाला माघार म्हणणे अन्यायाचे आहे.

परतून यशस्वी झालेल्यांत डिक व्हर्मील यांचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. फिलाडेल्फिया ईगल्सला जानेवारी 1981 च्या सुपर बोलपर्यंत नेणाऱ्या व्हर्मील यांनी 1982 च्या हंगामानंतर, आपण कामाने पूर्ण थकलो आहोत असे जाहीर करून पद सोडले. पुढची चौदा वर्षे ते समालोचनात रमले. 1997 मध्ये ते सेंट लुइस रॅम्सचे प्रशिक्षक म्हणून परतले तेव्हा साठी ओलांडलेले होते. पहिल्या हंगामात 5 विजय आणि 11 पराभव, दुसऱ्यात 4 आणि 12. जुन्या पद्धतीच्या लांबलचक, कठोर सरावाने खेळाडू त्रासले होते. व्हर्मील यांचे मोठेपण तिसऱ्या वर्षी दिसले. त्यांनी सराव आटोपशीर केला, आक्रमणाची सूत्रे माइक मार्ट्झ यांच्याकडे सोपवली, आणि संघात चेंडू घेऊन धावणारा मार्शल फॉक आला. हंगामापूर्वीच मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर आक्रमण चालवणारा खेळाडू, ट्रेंट ग्रीन जखमी झाला, तेव्हा काही वर्षांपूर्वी किराणा दुकानात माल लावणाऱ्या कर्ट वॉर्नरवर त्यांनी पूर्ण विश्वास टाकला. त्या हंगामात संघाने 13 सामने जिंकले, फक्त 3 हरले, आणि 30 जानेवारी 2000 रोजी टेनेसी टायटन्सला 23–16 असे हरवून सुपर बोल मिळवला. चौदा वर्षांपूर्वीचा व्हर्मील परतला असता तर हे घडले नसते. ज्या अतिश्रमाने त्यांना एकदा मोडले होते, तीच सवय त्यांना सोडावी लागली, आणि साठीनंतर ती सोडण्याची तयारी त्यांनी दाखवली.

जो गिब्ज यांची कहाणी संमिश्र आहे. 1981 ते 1992 या काळात त्यांनी वॉशिंग्टनला तीन सुपर बोल जिंकून दिले, तेही तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकना घेऊन. नंतर त्यांनी एनबीसीवर विश्लेषण केले आणि मोटारशर्यतींचा संघ उभा केला. 2004 मध्ये ते परतले तेव्हा खेळाचे अर्थकारण पालटले होते. 1993 पासून खेळाडूंना करार संपल्यावर संघ बदलण्याची मोकळीक मिळाली होती आणि 1994 पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आली होती. चांगला संघ वर्षानुवर्षे एकत्र ठेवणे कठीण झाले होते. चार हंगामांत 30 विजय, 34 पराभव, आणि दोनदा बाद फेरी, एवढेच हाती आले. 2 डिसेंबर 2007 रोजी बफेलोविरुद्ध अखेरच्या क्षणी त्यांनी लागोपाठ दोन टाइमआउट मागितले. प्रतिस्पर्धी चेंडू मारणार असताना असा दुसरा टाइमआउट नियमबाह्य असल्याने 15 यार्डांचा दंड झाला, चेंडू जवळ आला आणि सामना 17–16 असा हातून गेला. ही चूक नियमांशी रोजचा संबंध तुटल्याचे लक्षण मानली गेली. पण त्या आठवड्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. त्यांचा तरुण खेळाडू शॉन टेलर घरात शिरलेल्यांच्या गोळीने काही दिवसांपूर्वीच मृत्युमुखी पडला होता. शोकात बुडालेल्या त्या संघाला गिब्ज यांनी सावरले. त्या पराभवानंतरचे चारही सामने जिंकून संघ बाद फेरीत गेला. नियमांचे ज्ञान मागे पडू शकते, माणसे सांभाळण्याचे ज्ञान सहसा पडत नाही. परतणाऱ्याने पहिल्याची उजळणी करावी आणि दुसऱ्यावर भरवसा ठेवावा.

जॉन ग्रुडन यांचे परतणे मात्र इशारा देणारे आहे. जानेवारी 2003 चा सुपर बोल टॅम्पा बेला जिंकून देणाऱ्या ग्रुडन यांना 2009 मध्ये पदावरून काढले गेले. पुढे ईएसपीएनवरच्या सोमवारच्या सामन्यांत त्यांचे समालोचन फार लोकप्रिय झाले, आणि परतावे अशी मागणी दरवर्षी होऊ लागली. 2018 मध्ये त्यांच्या जुन्या रेडर्स संघाने त्यांना दहा वर्षांच्या करारावर आणले. पहिला सामना होण्याआधीच संघाने खलील मॅक हा आपला सर्वोत्तम बचावपटू शिकागोला देऊन टाकला. तीन पूर्ण हंगामांत 4, 7 आणि 8 विजय मिळाले. एकदाही बाद फेरी गाठता आली नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये, आधीच्या वर्षांत लिहिलेले त्यांचे अपमानास्पद ईमेल उजेडात आले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. इथे दोन धडे आहेत. पडद्यावरची लोकप्रियता ही प्रशिक्षणाच्या पात्रतेची खूण नव्हे. आणि कॅमेऱ्यामागे माणूस जसा वागतो, बोलतो, लिहितो, त्याचा हिशेब खेळाडूंसमोर उभे राहताना द्यावाच लागतो.

अर्बन मायर यांच्या बाबतीत तर एकाच माणसाच्या दोन परतण्यांची तुलना करता येते. फ्लोरिडा विद्यापीठाला दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देऊन 2010 च्या हंगामानंतर ते थांबले, वर्षभर ईएसपीएनवर राहिले आणि 2012 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात रुजू झाले. पहिल्याच हंगामात संघ अपराजित राहिला, आणि 2014 च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपदही मिळाले. नंतर पुन्हा निवृत्ती, फॉक्सवर काम, आणि 2021 मध्ये एनएफएलच्या जॅक्सनव्हिल जॅग्वार्समध्ये पुनरागमन. तिथे 13 सामन्यांत केवळ 2 विजय मिळाले आणि हंगाम संपण्याआधीच त्यांना काढण्यात आले. पहिल्या वेळी ते ओळखीच्या कामाकडे परतले होते: शाळकरी वयातले खेळाडू निवडून विद्यापीठात आणणे आणि घडवणे. दुसऱ्या वेळी ते पगारदार, अनुभवी व्यावसायिकांकडे गेले, आणि त्या जगात त्यांनी आधी कधीच प्रशिक्षण दिले नव्हते. बाहेरून ते परतणे दिसले. प्रत्यक्षात ते नवखे काम होते.

या सगळ्यांतून निर्णयाचा क्रम हाती येतो. प्रथम सोडण्याचे कारण तपासावे. थकवा असेल, तर केवळ विश्रांती पुरत नाही. काम करण्याची रीत बदलावी लागते. मालकाशी बिनसले असेल, तर खेळाडू निवडण्याचा अखेरचा अधिकार कोणाचा, हे नव्या करारात आधीच लिहून घ्यावे. पदावरून काढले गेले असेल, तर त्यामागची त्रुटी मान्य करून ती कशी भरून काढणार हे सांगता आले पाहिजे. दुसरे, मधल्या काळातले बदल शिकावेत: नियम, वेतनमर्यादा, सरावाची पद्धत, नव्या पिढीच्या खेळाडूंची मानसिकता. तिसरे, आपल्याला जे येत नाही ते येणारे सहायक सोबत घ्यावेत आणि त्यांच्याकडे खरा अधिकार सोपवावा. चौथे, कोणता संघ बोलावतो आहे ते पाहावे. क्वार्टरबॅक नाही, मालक उतावीळ आहे, आणि त्याला पहिल्याच वर्षी विजय हवा आहे, अशा ठिकाणी कितीही मोठा प्रशिक्षक टिकत नाही. व्हर्मील यांना तिसरे वर्ष मिळाले म्हणून ते विजेते ठरले.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात नव्याने पाऊल ठेवणाऱ्याने हा प्रश्न ज्येष्ठांपुरता आहे असे समजू नये. कारकीर्दीच्या सुरुवातीलाच काम आणि विश्रांती यांचे प्रमाण राखले, तर चाळिशीत मोडून पडण्याची वेळ येत नाही. दूर राहण्याचा काळ आलाच, तर तो अभ्यासात घालवावा. माइकसमोर जे बोलायचे ते आपल्याच खेळाडूसमोर उभे राहून बोलता येईल इतके न्याय्य ठेवावे. बोलावणे आल्यावर सर्वांत आधी घरच्यांना विचारावे, कारण या कामाची किंमत तेही मोजतात. आणि उत्तर ‘नको’ असे आले, तर ते संकोच न बाळगता द्यावे. मैदानावर असो वा माइकसमोर, खेळ नीट समजून तो दुसऱ्याला समजावणे हेच प्रशिक्षकाचे मूळ काम आहे, आणि ते दोन्ही ठिकाणी सन्मानाने करता येते.