लसीची पाळी आणि पाण्याची पाळी

पाळी म्हणजे काय, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील बागायतदाराला शिकवावे लागत नाही. प्रवरा, मुळा वा गोदावरी यांच्या कालव्यांवर ज्याची जमीन भिजते, त्याचे वर्ष पाण्याच्या आवर्तनांनीच मोजले जाते. नमुना नंबर 7 वर पाण्याची मागणी करावयाची, मंजुरीची वाट पाहावयाची आणि मग चारीवर आपला क्रम केव्हा लागतो याकडे लक्ष ठेवावयाचे, हा येथील परिपाठ आहे. शेजपाळीच्या पद्धतीत चारीच्या शेवटच्या टोकाकडील शेतास आधी पाणी देऊन क्रमाने मुखाकडे यावयाचे असते. या नियमामागे मोठे शहाणपण आहे. मुखाजवळच्या शेतकऱ्याला पाणी केव्हाही घेणे सोपे. टोकाजवळच्याला ते मिळेलच याची शाश्वती नाही. म्हणून ज्याची अडचण अधिक, त्याची पाळी अगोदर.

हा नियम सर्वत्र व सर्वकाळ पाळला जातो, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. टेलच्या शेतकऱ्याची तक्रार कालव्याइतकीच जुनी आहे. साखर कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमाविषयीही असेच म्हणता येईल. लागणीच्या तारखेची नोंद गट कार्यालयात झालेली असते व तोड त्या क्रमाने यावी अशी अपेक्षा असते. तरीही कोणाचा ऊस आधी गेला व कोणाचा फडातच वाळला, याची चर्चा प्रत्येक गळीत हंगामात होते. परंतु या दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट पक्की असते. क्रम कोणत्या आधारावर लागला हे सर्वांना ठाऊक असते आणि तो मोडला तर कोणाशी भांडावयाचे हेही ठाऊक असते. पाटकरी समोर असतो, चिटबॉय गावात येतो, गट कार्यालयाला दार असते.

या पार्श्वभूमीवर 2021 च्या उन्हाळ्यात कोविड प्रतिबंधक लसीची वेळ मिळवताना लोकांना आलेला अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. त्यावेळी जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. 2024 मध्ये ते अहिल्यानगर झाले. चौदा तालुके आणि 17,048 चौरस किलोमीटर एवढा विस्तार असलेला, क्षेत्रफळाने राज्यातील हा सर्वांत मोठा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 45 लाखांहून अधिक होती. एवढ्या लोकांना पाळीपाळीने केंद्रावर आणावयाचे, तेही गर्दी होऊ न देता, हे काम कोविन या संगणकीय प्रणालीवर सोपविण्यात आले होते.

देशात लसीकरणाचा प्रारंभ 16 जानेवारी 2021 रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून झाला. 1 मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक व 45 वर्षांवरील व्याधिग्रस्त आणि 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरील सर्व नागरिक पात्र ठरले. तोपर्यंत केंद्रावर जाऊन तेथेच नाव नोंदविण्याची सोय असल्याने प्रणालीचा जाच फारसा जाणवला नव्हता. 18 ते 44 या वयोगटासाठी मात्र आगाऊ ऑनलाइन नोंदणी व वेळनिश्चिती अनिवार्य करण्यात आली. 28 एप्रिल रोजी दुपारी चार वाजता ही नोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी देशभरात एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. प्रारंभी काही काळ प्रणाली भाराने कोलमडली. तो बिघाड लवकरच दूर झाला. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, कारण नाव नोंदले म्हणजे पाळी लागली, असा अनेकांचा समज झाला होता.

वस्तुतः नोंदणीने कोणताही क्रमांक मिळत नव्हता. नाव नोंदल्यावर पिनकोड वा जिल्हा निवडून जवळच्या केंद्रात जागा आहे काय, हे प्रत्येकाने पुनःपुन्हा पाहावयाचे होते. केंद्राने सत्र जाहीर केले की जागा दिसत आणि काही क्षणांत संपत. 28 एप्रिलला नाव नोंदविणारा आणि 10 मे रोजी नोंदविणारा हे दोघेही त्या क्षणी सारखेच. प्रतीक्षायादी नव्हती. सत्र केव्हा जाहीर होईल, याची ठरावीक वेळही नव्हती.

यात श्रमाचा किती अपव्यय होतो, हे एका साध्या हिशेबाने समजेल. समजा, एका केंद्राच्या परिसरात लसीसाठी 2,000 लोक इच्छुक आहेत व रोज 100 मात्रा उपलब्ध होतात. क्रमवार यादी केली तर प्रत्येकाने एकदाच नाव द्यावयाचे. शेवटच्या माणसाची पाळी विसाव्या दिवशी, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी कळते. तोपर्यंत तो निर्धास्तपणे मजुरीला जाऊ शकतो. यादीऐवजी रोज खिडकी उघडली आणि जो आधी पोहोचेल त्याला जागा दिली, तर पहिल्या दिवशी 2,000 जण प्रयत्न करतील, दुसऱ्या दिवशी 1,900, तिसऱ्या दिवशी 1,800. वीस दिवसांच्या प्रयत्नांची बेरीज 21,000 होते. मात्रा तेवढ्याच, दिवस तेवढेच. मात्र 2,000 नोंदींनी होणाऱ्या कामास 21,000 खेपा पडल्या, त्यांपैकी 19,000 रिकाम्या हाताने परतण्याच्या. शिवाय रोज नवे इच्छुक येऊन मिसळत असतील, तर पहिल्या दिवसापासून थांबलेल्याला विसाव्या दिवशीही पाळी मिळेलच असे नाही. लोकांच्या वैतागाचे मूळ येथे होते.

आधी पोहोचणारा कोण, हाही प्रश्न होता. चांगला मोबाईल, वेगवान जोडणी, इंग्रजीचा सराव आणि कामाच्या वेळीही पडद्यासमोर बसता येण्याची मुभा ज्याच्याजवळ, तो मुखाजवळचा शेतकरी. मोबाईलवर येणारा ओटीपी ठरावीक सेकंदांत भरावा लागे. अकोले तालुक्यातील डोंगराळ भागात, राजूरच्या वर जसजसे हरिश्चंद्रगड-कळसूबाईच्या रांगांकडे जावे तसतशी मोबाईलची कळ विरळ होत जाते. तेथील आदिवासी वाडीतील माणसाला ओटीपी येईपर्यंत जागा संपून जावी, यात नवल नव्हते. एका पिनकोडात अनेक गावे येतात. त्या केंद्रावर जागा मिळविणारा त्याच गावचा असावा, अशी अटही नव्हती. मुंबई-पुण्याच्या भोवतालच्या ग्रामीण केंद्रांवर शहरांतून मोटारीने येणारे तरुण आणि दारात उभे असलेले गावकरी यांच्यात खटके उडाल्याच्या बातम्या त्या मे महिन्यात येत होत्या. आलेल्या तरुणांचा यात दोष नव्हता. त्यांनी नियमाप्रमाणेच वेळ घेतली होती. शेजपाळीचा न्याय येथे नेमका उलटा झाला होता. ज्याला पोहोचणे सोपे, त्याची पाळी आधी.

लसीचा तुटवडा प्रणालीने निर्माण केलेला नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. धरणातच पाणी नसेल तर उत्तम पाळीपत्रकानेही शेत भिजत नाही. पुरवठा अपुरा पडल्याने 12 मे रोजी महाराष्ट्र शासनाने 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण थांबविले व उपलब्ध साठा 45 वर्षांवरील व्यक्तींच्या दुसऱ्या मात्रेसाठी राखून ठेवला. त्याच सुमारास कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले. या दोन निर्णयांमुळे, ज्येष्ठांनी दुसऱ्या मात्रेसाठी केंद्रावर यावे की घरी थांबावे, हा नवा संभ्रम उत्पन्न झाला. आधी निश्चित केलेल्या वेळा ग्राह्य राहतील, असे केंद्र शासनास स्वतंत्रपणे जाहीर करावे लागले. या संभ्रमाचे उत्तर पडद्यावर नव्हते. ते गावात आशा स्वयंसेविका व केंद्रातील परिचारिका यांनाच द्यावे लागले, आणि रागही त्यांनाच सोसावा लागला.

दुरुस्त्या झाल्या, त्या बऱ्याच वेगाने झाल्या. लस न घेताच लस घेतल्याचा संदेश येण्याच्या तक्रारी आल्यावर 8 मेपासून चार अंकी सुरक्षा संकेत सुरू झाला. 24 मेपासून शासकीय केंद्रांवर 18 ते 44 वयोगटालाही प्रत्यक्ष नोंदणीची मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने 31 मेच्या आदेशात, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न केंद्र शासनास विचारला. जूनमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांत कोविन उपलब्ध झाले. 21 जूनपासून 18 वर्षांवरील सर्वांसाठी शासकीय केंद्रांवर मोफत लस व जागेवरच नोंदणी, अशी व्यवस्था झाली. देशाने 21 ऑक्टोबर 2021 रोजी 100 कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. एवढ्या मोठ्या कामाची व्यक्तिशः नोंद ठेवणे, पहिली मात्रा कोपरगावात आणि दुसरी जामखेडमध्ये घेतली तरी ती एकाच नावावर जमा होणे व प्रमाणपत्र तत्काळ हाती पडणे, हे कागदी वह्यांना साधले नसते. नोंदवही म्हणून कोविन उत्तम ठरले. पाळीपत्रक म्हणून ते उणे पडले. ही दोन कामे वेगळी आहेत, हे आरंभी पुरेसे ओळखले गेले नव्हते.

पुढे लसीकरण केंद्रांवर जी पद्धत रुळली, ती साधी होती. सकाळी उपलब्ध मात्रांइतकी क्रमांकित टोकने वाटावयाची, उरलेल्यांना तेव्हाच परत पाठवावयाचे, आणि लस टोचल्यावर कर्मचाऱ्याने ती नोंद कोविनवर चढवावयाची. टोकन वाटपातही वशिला चालल्याची कुरकुर झाली. ती करावयास मात्र समोर माणूस होता.

नंतरच्या काळात आणखी एक लहान बदल झाला. सुरुवातीला एका मोबाईल क्रमांकावर चारच नावे नोंदविता येत. आजी-आजोबा, आई-वडील व मुले एकाच मोबाईलवर विसंबून असलेल्या वस्तीवरील घराला ही मर्यादा अपुरी होती. किशोरवयीन मुलांचे लसीकरण सुरू झाल्यावर, जानेवारी 2022 मध्ये, ती सहा नावांची करण्यात आली.