पुरावा शोधणाऱ्याला त्याची मजुरी द्या

नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या काठी परिसरात वनजमिनीचा दावा फेटाळला गेला की कागदावर पुष्कळदा एवढंच लिहून येतं: पुरावा अपुरा. पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसली तिचा पुरावा अपुरा कसा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगणं फार जड जातं. माझ्या मोठ्या काकांच्या दाव्यावर हाच शेरा आला. पुढे जे झालं ते अनेकांच्या वाट्याला येतं, म्हणून सांगतो.

कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा राहणारा एक माणूस काकांना भेटला. "जुने कागद काढून देतो, मंजुरीची हमी माझी," असा शब्द त्यानं दिला. काकांनी बैल विकून पैसे मोजले. हाती आली एक जाडजूड फाईल. तिच्यात दुसऱ्याच गावचे उतारे, मतदार यादीची पानं आणि एक वंशावळ. त्या वंशावळीत माझ्या पणजोबांचं नावच भलतं होतं. ती दावे तपासणाऱ्या समितीपुढे गेली असती तर खरा दावाही खोटा ठरला असता. पैसे गेले आणि त्या साली नांगर उसन्या बैलांवर चालला.

मग ओळखीतून आम्ही धुळ्याच्या एका ताईंकडे गेलो. मोडी वाचणं आणि जुनी दप्तरं धुंडाळणं हाच त्यांचा व्यवसाय. त्यांनी हमी दिली नाही, आधी नुसते प्रश्न विचारले. त्या शेताला पाड्यात काय म्हणतात? बांधाला बांध कोणाचा? आजोबांना घरात काय हाक मारायचे? जंगल खात्यानं कधी दंड केला होता का?

या शेवटच्या प्रश्नावर काका गप्प झाले. दंड म्हणजे गुन्हा, तो चारचौघांत कशाला सांगायचा, असं त्यांना आयुष्यभर वाटत आलेलं. आजी मात्र उठली आणि पत्र्याच्या पेटीतून एक पावती घेऊन आली. घडीवर फाटलेली, शाई फिकट झालेली. जंगलात नांगरट केल्याबद्दल दंड, आणि आजोबांचं नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. ताई म्हणाल्या, "काका, ज्यांनी तुम्हाला हटकलं त्यांनीच लिहून ठेवलंय की तुम्ही तिथे नांगरत होता. याहून मोठा साक्षीदार कुठून आणणार?" एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पावतीवरचा क्रमांक आणि तारीख घेऊन त्यांनी माहिती अधिकारात मूळ नोंदीची नक्कल मागायला लावली आणि नावातला फरक वेगळ्या कागदावर उलगडून लिहिला. दावा फेरतपासणीला गेला तो या जोरावर.

वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख कळीची आहे. त्याआधीपासून जमीन कसत होतो, हे आदिवासी दावेदारानं दाखवायचं असतं. २००८ च्या नियमांतला तेरावा नियम पुराव्यांची मोठी यादी देतो: गॅझेटियर, जनगणना, नकाशे, वनखात्याची दप्तरं, घर, बांध, विहीर, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. त्याच यादीत जुन्या संस्थानांच्या नोंदीही आहेत, आणि काठीवाल्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवायला हवं.

काठी म्हटलं की लोकांना राजवाडी होळी आठवते. पण काठी हे मेवास नावाच्या मुलखातलं एक संस्थान होतं, आणि इथल्या जमिनीची कागदोपत्री वाट बाकी खानदेशासारखी सरळ नाही. मेवासी मालकांचे हक्क संपवणारा पश्चिम खानदेश मेहवासी इस्टेट विनियम १९६१ चा. म्हणजे त्याआधीचा सातबारा तलाठ्याकडे मागत बसणं म्हणजे जिथे पेरलंच नाही तिथे कापणीला जाणं. शिवाय हा मुलूख आधी पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबारात. जिल्हा बदलला म्हणून प्रत्येक जुनं दप्तर मागोमाग आलं, असं धरून चालता येत नाही. इंग्रज अमदानीतला पत्रव्यवहार पाहायचा तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागाराची वाट धरावी लागते. तळोद्याच्या वनविभागाच्या नावात आजही 'मेवासी' आहे. कुठली फाईल कोणत्या नावाखाली सापडेल, हे अशा खुणांवरून जाणकारालाच उमगतं. त्यासाठी इंग्रजी हवं, मोडी हवी आणि धूळ खात बसायची चिकाटी हवी. मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी, अक्कलकुव्याला, खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याकडून ही अपेक्षा करणं अन्याय आहे.

सीमेपलीकडे गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात 'आर्च' या संस्थेनं हेच काम वेगळ्या तऱ्हेनं केलं. गावकऱ्यांनी जीपीएसनं शेतं मोजली, जाणत्यांनी ते नकाशे उपग्रहाच्या जुन्या चित्रांवर बसवले, आणि कट-ऑफ तारखेच्या वेळी तिथे शेत होतं की जंगल, ते दिसू लागलं. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयानं फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला सांगितलं, त्यामागे या संस्थेची याचिका होती. एक सावधगिरी मात्र हवी: नियमांनुसार उपग्रहाचं चित्र बाकी पुराव्याला जोड म्हणून आहे, त्याची जागा घ्यायला नाही. "फोटोत दिसत नाही, विषय संपला," असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका.

आता माणूस कसा निवडायचा. जो मंजुरीची हमी देतो त्याला दारात उभं करू नका. मंजुरी समितीच्या हातात असते, शोधणाऱ्याच्या नव्हे. आधी काय वाचलंय, कुठल्या दप्तरात बसलाय, ते विचारा. मोडीची परीक्षा पुराभिलेख संचालनालय घेतं, ती दिली आहे का, तेही विचारायला लाजू नका. मजुरी दिवसाची ठरवा, प्रवासखर्च वेगळा, आणि दोन ओळी का होईना, लिहून घ्या. कागद सापडला तर त्यासोबत कचेरीचं नाव, फाईलचा क्रमांक आणि पान मागा. त्यावाचून झेरॉक्सला किंमत नाही. काहीच सापडलं नाही तरी कुठे कुठे पाहिलं याची यादी घ्या आणि ठरलेली मजुरी द्या. त्या यादीमुळे पुढचा माणूस तीच कपाटं पुन्हा उघडत बसत नाही.

एका घराला हा खर्च झेपत नाही, हे मला माहीत आहे. आमच्या पाड्यातल्या घरांनी वर्गणी काढली, कारण संस्थानची एक फाईल उघडली की तिच्यात एकाच नव्हे, शेजारच्या दहा घरांची नावं निघू शकतात. वडीलधाऱ्यांचे जबाब मात्र आधी घ्या, त्यांच्याच बोलीत, आणि ती बोली येणाऱ्या मुलामुलींकडून लिहवून. दप्तर वाट पाहील, ती माणसं नाही. आणि पेटीतला मूळ कागद कोणाच्याही हाती सोपवू नका, धुळ्याच्या ताईंच्याही नाही. त्यांनी आमची पावती आजीच्या समोर बसूनच उतरवून घेतली होती.