वाशिमच्या नाल्यात अमोनाइट मिळेल का?

प्रश्न : थंडीत मित्र आणि मी गावच्या कोरड्या नाल्यात जीवाश्म शोधतो. गोल रेघांचा एक दगड मिळालाय. अमोनाइट असेल का?
– एक वाचक, जि. वाशिम

उत्तर : बहुधा अकीक आहे. रेघेवर बोट फिरवून पाहा. अकीकाच्या रेघा एकात एक, बंद असतात. अमोनाइटची रेघ मधून निघून फिरत फिरत कडेपर्यंत जाते. शिवाय अमोनाइट म्हणजे समुद्रातल्या नामशेष प्राण्यांचे शंख, आणि आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. अमोनाइट हवेच असतील तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघच्या चुनखडकात आहेत. (देवघरात गंडकीचा शाळिग्राम असेल तर तो आधी निरखा, बरेच शाळिग्राम अमोनाइटच असतात!)

इथे शोधायचं तर लाव्हाच्या दोन थरांमधला गाळाचा दगड शोधा. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मिळू शकतात. नागपूरजवळ टाकळीला मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात असेच जीवाश्म गोळा केले होते. नव्या विहिरीच्या काठावर टाकलेल्या दगडांत अशा गाळाच्या दगडाचा पांढुरका, कडक तुकडा दिसला तर भिंगाने बघा. विहिरीत मात्र उतरू नका, शेतमालकाला विचारल्याशिवाय हातोडी काढू नका. काही सापडलंच, तर जागा लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयात दाखवा.