सारथी स्टॅन्ली डॅन्सर

घोड्यांची शर्यत म्हटली म्हणजे चौखूर उधळलेले घोडे आणि त्यांच्या पाठीला चिकटून बसलेले स्वार डोळ्यांपुढे येतात. परंतु शर्यतीचा एक प्रकार असा आहे की, त्यात घोड्याने चौखूर धावणे हाच दोष मानला जातो. येथे घोड्याच्या पाठीवर स्वार नसतो. मागे दोन चाकांची एक अगदी हलकी गाडी जोडलेली असते व तिच्यावर सारथी बसतो. घोड्याने आपली ठरलेली चाल शेवटपर्यंत राखावयाची. ती मोडून तो उधळलाच, तर सारथ्याने त्याला आवरून, इतरांच्या वाटेतून बाजूला घेऊन, पुन्हा चालीवर आणले पाहिजे. तोवर बाकीचे घोडे पुढे निघून जातात आणि बहुधा शर्यत हातची जाते.

या चाली दोन. पहिली दुडकी. हिच्यात एका बाजूचा पुढचा पाय व दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकदम पडतो. दुसऱ्या चालीत एकाच बाजूचे दोन्ही पाय बरोबर उचलले जातात. आपल्याकडील अश्वपारखी हिला रवाल चाल म्हणतात. सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडेबाजारात ही चाल आजही कौतुकाने पाहिली जाते. अमेरिकेत या दोन चालींसाठी घोड्यांची एक स्वतंत्र जातच तयार झाली. तिचे नाव स्टँडर्डब्रेड. १८७९ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे एक मैल अंतर अडीच मिनिटांत तोडणारा घोडा या जातीच्या कसोटीस उतरत असे. त्या कसोटीवरूनच हे नाव पडले. पुढे पैदास सुधारली, गाड्या हलक्या झाल्या आणि दोन मिनिटांच्या आत मैल तोडणारे घोडे निपजू लागले. अशा घोड्यांच्या सारथ्यांमध्ये स्टॅन्ली डॅन्सर यांचे नाव फार वरचे आहे.

डॅन्सर यांचा जन्म २५ जुलै १९२७ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शाळा त्यांनी आठवीनंतर सोडली. घोड्यांचे वेड घरातच होते. व्हर्नन आणि हॅरल्ड हे त्यांचे भाऊही पुढे सारथीच झाले. लग्नानंतर पत्नी रेचल हिने शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांतले २५० डॉलर घेऊन स्टॅन्ली यांनी ‘कँडर’ नावाचा एक घोडा विकत आणला. तो पायांनी अधू होता; धडधाकट घोडा एवढ्या पैशांत मिळालाही नसता. संसाराची सारी शिल्लक अशा जनावरावर लावणे हे धाडसच होते. पण डॅन्सर यांनी त्याची रात्रंदिवस शुश्रूषा केली आणि त्याच कँडरने त्यांना हजारो डॉलरांची बक्षिसे मिळवून दिली.

तो काळही अनुकूल होता. न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट मैदानावर १९४० पासून रात्री विजेच्या प्रकाशात शर्यती होऊ लागल्या होत्या. १९४६ मध्ये तेथेच एक नवी युक्ती निघाली. पूर्वी घोडे एका रेषेत आणण्यातच पुष्कळ वेळ जाई. आता पंखांसारखे दोन अडसर पसरलेली एक मोटार घोड्यांच्या पुढे धावू लागली. प्रारंभाच्या रेषेशी येताच ती पंख मिटून वेगाने दूर होई व शर्यत सुरू होई. प्रेक्षकांची गर्दी वाढली, तशी बक्षिसांची रक्कमही वाढली. (शर्यतीबरोबर जुगारही येतोच, त्या दुर्व्यसनाविषयी येथे लिहावयाचे नाही.) या नव्या दिवसांचा लाभ ज्या तरुण सारथ्यांनी घेतला, त्यांत डॅन्सर अग्रेसर होते. १९६४ मध्ये एकाच हंगामात दहा लाख डॉलरांच्या बक्षिसांचा पल्ला गाठणारे ते पहिले ठरले.

त्यांचा खरा गुण मात्र पैशांच्या आकड्यांत दिसत नाही. तो पाहावयाचा असेल, तर कार्डिगन बे या घोड्याची हकिकत वाचावी. हा घोडा १९५६ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मला. ऐन भरात असताना ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्याला अपघात झाला. त्यातून तो वाचला, पण त्याचे एका बाजूचे पुठ्ठ्याचे हाड कायमचे खाली बसले. असा घोडा आठ वर्षांचा झालेला असताना, १९६४ मध्ये, डॅन्सर यांच्या तबेल्यासाठी एक लाख डॉलर देऊन भाडेपट्ट्याने अमेरिकेत आणला गेला. महाभारतात ऋतुपर्ण राजाच्या रथाला बाहुकाने कृश घोडे जोडलेले पाहून राजा नाराज होतो. बाहुकरूपातील नलाला मात्र त्या घोड्यांचे अंतरंग ठाऊक असते. तसाच हा प्रकार होता.

१९६६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या यॉंकर्स मैदानावर कार्डिगन बे आणि ब्रेट हॅनोव्हर यांची गाठ पडली. ब्रेट हॅनोव्हर चार वर्षांचा, निरोगी आणि अमेरिकेचा लाडका. फ्रँक अर्विन यांच्यासारखा मुरब्बी सारथी त्याला लाभलेला. कार्डिगन बे दहा वर्षांचा. त्या दिवशी म्हातारा घोडा जिंकला. दोन वर्षांनी, १९६८ च्या सप्टेंबरात, फ्रीहोल्ड मैदानावर जिंकून त्याने आपल्या एकूण कमाईचा आकडा दहा लाख डॉलरांपलीकडे नेला. आपल्या जातीत असा पराक्रम करणारा तो पहिलाच घोडा होय. न्यूझीलंडने १९७० मध्ये त्याचे चित्र असलेले टपालाचे तिकीट काढले.

नेव्हेल प्राइड हा घोडा अगदी निराळा. शरीराने निर्दोष, पण स्वभावाने विलक्षण तामसी. दुगाण्या झाडणे, जवळ येणाऱ्याला चावणे हा त्याचा नित्यक्रम. अशा घोड्याला चाबकाने वठणीवर आणू पाहणारे पुष्कळ असतात. परंतु चाबकाने घोडा फक्त पळतो. दुडकीवर टिकत नाही. सारथ्याचे सारे बोलणे लगामातून व्हावयाचे, आणि लगाम किती ताणावा व किती सैल सोडावा हे क्षणाक्षणाला ठरवावयाचे. डॅन्सर यांच्या हाती हा तापट घोडा १९६८ मध्ये दुडकीच्या शर्यतींतील त्रिमुकुटाचा मानकरी झाला. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी इंडियानापोलिस येथे त्याने केवळ घड्याळाशी स्पर्धा करीत १ मिनिट ५४.८ सेकंदांत मैल तोडला आणि ग्रेहाउंड या घोड्याचा १९३८ पासून अबाधित असलेला १ मिनिट ५५.२५ सेकंदांचा विक्रम मोडला. डॅन्सर यांनी पुढे १९७० मध्ये मोस्ट हॅपी फेला आणि १९७२ मध्ये सुपर बाउल या घोड्यांसह आणखी दोन त्रिमुकुट मिळवले.

यशाच्या या वाटेवर पराभवही होते, आणि त्यांतला एक मोठा चमत्कारिक आहे. हॅम्बल्टोनियन ही तीन वर्षांच्या घोड्यांची दुडकीची शर्यत सर्वांत मानाची. १९६५ मध्ये ती इलिनॉय राज्यातील ड्यूक्वॉइन येथे झाली, तेव्हा डॅन्सर यांचा नोबल व्हिक्टरी जिंकणार असे जो तो म्हणत होता. पण मैदानात चिखल झाला आणि त्या चिखलात तो मागे पडला. जिंकला इजिप्शियन कँडर. त्याची मालकीण होती रेचल डॅन्सर! पतीच्याच तबेल्यात तयार झालेला तिचा घोडा डेल कॅमेरॉन या सारथ्याने हाकला होता. स्टॅन्ली यांना स्वतः लगाम धरून ही शर्यत जिंकण्यासाठी आणखी तीन वर्षे थांबावे लागले. मग मात्र त्यांनी ती १९६८, १९७२, १९७५ व १९८३ अशी चार वेळा जिंकली.

या व्यवसायात जिवाला धोका किती, हेही सांगावयास हवे. हलक्या गाड्या एकमेकींना खेटून वळणे घेतात. एकाचे चाक दुसऱ्यात अडकले किंवा पुढचा घोडा कोसळला, तर मागच्याला सावरावयास अवसर नसतो. डॅन्सर तिसाहून अधिक वेळा मैदानावर पडले. त्यांची हाडे मोडली, पाठ जायबंदी झाली. तरी बरे होताच ते पुन्हा गाडीवर चढत. १९९५ मध्ये त्यांनी लगाम खाली ठेवला, तेव्हा त्यांच्या नावावर ३७८१ विजय होते. ८ सप्टेंबर २००५ रोजी फ्लोरिडातील पॉम्पॅनो बीच येथे वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रूझवेल्टचे मैदान १९८८ मध्येच बंद पडले होते. ज्या फ्रीहोल्डवर अधू कार्डिगन बेने आपला दहा लाखांचा पल्ला गाठला, तेथील शर्यतीही २०२४ च्या डिसेंबरात थांबल्या.