ट्रॅक्टर घेताना कुणाला विचारायचं?

आपल्यापैकी बरेच जण धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकरी घरांतून आले आहेत. सुट्टीत गावाकडे गेलं की "तू मेकॅनिकलची ना, मग सांग बरं कुठला ट्रॅक्टर घेऊ?" हा प्रश्न ठरलेलाच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे हॉर्सपॉवरची व्याख्या इंग्लिशमध्ये तोंडपाठ आहे. पण कळंबकडच्या काळ्या रानात नीट वाफसा नसताना रोटाव्हेटर घातला तर काय होतं, ते त्या व्याख्येत नाही. ते ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे तोच सांगू शकतो. आणि इथे चूक परवडत नाही. जमीन तारण ठेवून कर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो. पाऊस येवो न येवो, हप्ता येतोच.

आधी कागद बघावा. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची शक्ती, डिझेलचा खप, ओढण्याची ताकद, हायड्रॉलिकची उचल हे सगळं मोजलेलं असतं. जाहिरातीतला एचपी बहुधा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटरला मिळतो तो पीटीओचा, आणि तो कमीच भरतो.

अशा चाचण्यांमागे एका गिऱ्हाइकाचाच अनुभव आहे, हे वाचून मला गंमत वाटली. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर या शेतकऱ्याने घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे चालेनात. हा गडी पुढे आमदार झाला आणि 1919 मध्ये कायदा आला: आधी चाचणी, मग विक्री. शिवाय कंपनीने राज्यात स्पेअर पार्ट ठेवलेच पाहिजेत. 1920 पासून तिथे चाचण्या सुरू झाल्या.

पण चाचणीतला ट्रॅक्टर नवा असतो, दोन हजार तास चाललेला नसतो. तिथून पुढचं ज्ञान मालकाकडे. अडचण अशी, की मालक आकडा सांगतो आणि परिस्थिती सांगत नाही. "आमचा तासाला साडेतीन लिटर पितो" म्हणजे चांगलं का? समजा, तो रोटाव्हेटरने एक एकर करायला दोन तास घेतो. म्हणजे एकराला सात लिटर. शेजारच्याचा तासाला पाच लिटर पितो, पण सव्वा तासात एकर उरकतो. म्हणजे सव्वासहा लिटर. गावभर बदनाम झालेला 'पिणारा' ट्रॅक्टर इथे स्वस्त पडला! म्हणून खप नेहमी एकरावर विचारावा, आणि रान कोणतं, अवजार कोणतं, खोली किती, तेही विचारावं. भूमकडच्या मुरमाड माळावरचा आकडा काळ्या रानाला लावण्यात अर्थ नाही. ओल्या काळ्या मातीत चाक घसरतं, डिझेल जळतं आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही.

तक्रारीचंही तसंच. "हा ट्रॅक्टर पुढून उठतो" असं कुणी म्हटलं तर लगेच कंपनीला नावं ठेवू नयेत. उसाच्या दोन ट्रॉल्या ओव्हरलोड भरल्या असतील, ट्रॉलीचा हूक उंचावर जोडला असेल, पुढे वजनं लावलेली नसतील. मात्र तीन वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या मालकांनी हायड्रॉलिकबद्दल तेच रडगाणं गायलं, तर ती गोष्ट मी खरी धरीन. एकाच पारावरच्या तिघांचं मत मला एकच वाटतं.

ज्याने गेल्या महिन्यात पेढे वाटले त्याला विचारून फायदा नाही. तो स्तुतीच करणार. ज्याचा मेहुणा शोरूमला आहे त्याचंही तेच. मीटरवर तास बघा. निदान दोन हंगाम झालेला मालक हवा, आणि जमलं तर त्याचा ड्रायव्हरही. क्लच किती जड आहे, दिवसभर बसून कंबर कशी राहते, हे मालकापेक्षा ड्रायव्हर खरं सांगतो. (मालक जवळ नसेल तर जास्तच खरं!)

त्याला सरळ "ट्रॅक्टर कसा आहे?" असं विचारू नका. "बराय की" एवढंच उत्तर मिळेल. शेवटचा बिघाड कधी झाला, पार्ट कळंबला मिळाला की लातूर-सोलापूर गाठावं लागलं, आणि ट्रॅक्टर किती दिवस उभा राहिला, ते विचारा. सोयाबीन निघाल्यावर ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीसाठी रानात ओल थोडेच दिवस टिकते. तेवढ्यात चार दिवस उभा राहिलेला ट्रॅक्टर कुठल्याच अहवालात सापडत नाही, मालकाला मात्र त्याची तारीखसुद्धा पाठ असते.