सायकलचा मागचा शॉकअप घरी उघडायचा? खर्च, वेळ आणि धोके

आधी सायकलपाशी जाऊन मागचा शॉकअप नीट बघा. खर्च त्यावरच ठरतो.

बाहेरून जाड लोखंडी स्प्रिंग दिसते, तिच्यावर ७५० एलबीएस वगैरे छापलंय आणि सायकल दहा-पंधरा हजारांना ‘डबल शॉकर’ म्हणून घेतलेली आहे, तर शॉकअप उघडू नका. या जातीच्या बहुतेक शॉकअपच्या आत बदलण्यासारखं काही नसतं. दोन्ही टोकांचे बुश आणि बोल्ट काढा, पुसा, ग्रीस लावा आणि परत आवळा. करकर आवाज बहुधा बुशचाच असतो. शॉकअप वाकला असेल तर नवाच घ्या. दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा (१२५, १५०, १६५, १९० ही नेहमीची मापं), स्प्रिंगवरचा आकडा लिहून घ्या आणि दोन्ही जुळणारा मागवा. साधारण सहाशे ते दीड हजारात मिळतो. अशा शॉकअपच्या ‘ओव्हरहॉलिंग’चे कुणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका.

स्प्रिंग दिसत नाही, गुळगुळीत नळकांडं आहे आणि बाजूला मोटरसायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह आहे? मग तुमचा शॉकअप हवेचा आहे. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

हवेच्या शॉकअपची सर्व्हिस दोन प्रकारची असते आणि दोन्हींत गल्लत झाली की पैसे जातात किंवा इजा होते. पहिली एअर कॅनची: बाहेरचं नळकांडं काढून सील, ओ-रिंग आणि ग्रीस बदलणं. ही घरी होते. दुसरी डॅम्परची: आतलं तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन बदलणं. ही घरी होत नाही. त्या कक्षात काही मॉडेलमध्ये ३०० पीएसआयहून जास्त दाब असतो आणि तो भरायला वेगळी यंत्रणा लागते. पेट्रोल पंपावर टायरमध्ये भरतात तो नायट्रोजन तीस-चाळीस पीएसआयचा. ‘तिथूनच भरून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

किती दिवसांनी करायचं? रॉकशॉक्सच्या बहुतेक मॉडेलना एअर कॅनसाठी ५० तास आणि डॅम्परसाठी २०० तास असा हिशेब आहे, काही जुन्या मॉडेलना १०० तास. फॉक्स १२५ तास किंवा वर्ष, यांतलं जे आधी होईल ते सांगते. हे चालवण्याचे तास आहेत. सोलापुरात राहून आठवड्याला चार तास हिप्परग्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर किंवा तुळजापूरच्या घाटाकडे जात असाल तर ५० तास तीन महिन्यांत भरतात. आपल्याकडची काळी माती पावसात दांड्याला चिकटते, वाळली की बारीक पूड होते आणि तीच सील खाते. म्हणून माझ्या मते सोलापुरात एक सर्व्हिस पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, ठरलेलीच असावी. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी शॉकअपवर मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसलं की पुरतं.

आता पैसे. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, दुकान आणि मॉडेलप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. सील किट दीड ते साडेतीन हजार. शॉक पंप, ३०० पीएसआयपर्यंत जाणारा, दीड ते साडेतीन हजार. सस्पेन्शनचं ग्रीस आणि कंपनीने सांगितलेलं तेल मिळून एक ते दोन हजार. मिलिलिटरभर लागतं, पण बाटली अख्खी घ्यावी लागते. पट्ट्याचा पाना, व्हॉल्व्ह काढायची चावी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हातमोजे, चष्मा यांचे आठशे ते बाराशे. पहिल्या वेळी पाच ते दहा हजार धरून चाला. पुढच्या वेळी फक्त किट. पंप, ग्रीस आणि पाना तीन-चार मित्रांत मिळून घेतलात तर खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. वर्षातून एकदाच उघडणार असाल तर तसंच करा.

सगळं ऑनलाइन मागवायची गरज नाही. पट्ट्याचा पाना मोटारीचा ऑइल फिल्टर काढायला वापरतात तोच, ऑटो टूल्सच्या दुकानात मिळतो. व्हॉल्व्हची चावी पंक्चरवाल्याकडे चाळीस-पन्नास रुपयांत. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे. दोन्ही टोकांचा डीयू बुश बेअरिंगच्या दुकानात मापाने मिळू शकतो, जुना बुश हातात घेऊनच जा. बोल्टभोवतीचे ॲल्युमिनियमचे स्पेसर लेथवाला करून देतो. पण एअर कॅनचे मुख्य सील ऑइल सीलच्या दुकानातून ‘जवळपासच्या मापाचे’ आणू नका. त्यातल्या काही रिंगा गोल नसून चौकोनी छेदाच्या असतात, सोबत पातळ बॅकअप रिंग असते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने दोनशे पीएसआय हवा रात्रीत निघून जाते.

सर्वात महागात पडते ती चुकीची किट. सायकलचं नाव सांगून किट मागवू नका. एकाच सायकलवर दोन वर्षांत दोन वेगळे शॉकअप आलेले असतात. फॉक्सवर चार अक्षर-अंकांचा कोड असतो, रॉकशॉक्सवर सिरियल नंबर. तो कंपनीच्या वेबसाइटवर घातला की नेमकं मॉडेल आणि किटचा नंबर मिळतो. त्याच पानावरून सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या, फुकट आहे. परदेशी दुकानातून किट मागवाल तर किंमत स्वस्त दिसते, पण वर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरिअर कंपनीचा प्रोसेसिंग चार्ज लागतो; दोन हजारांची किट दारात येईपर्यंत साडेतीन हजारांवर जाऊ शकते. व्हिडिओंमध्ये सांगितलेलं ॲलिएक्सप्रेस २०२० पासून भारतात बंद आहे.

कामाला पहिल्या वेळी तीन तास ठेवा. सुरू करण्याआधी हवेचा दाब आणि रिबाउंडचं सेटिंग, म्हणजे पूर्ण बंद करेपर्यंत किती क्लिक होतात ते, लिहून घ्या. मग हवा सोडा, पण हळू. व्हॉल्व्ह थोडा दाबायचा, सीटवर वजन टाकून शॉकअप काही वेळा दाबायचा-सोडायचा, पुन्हा थोडी हवा. एकदम सोडली तर आतल्या उलट बाजूच्या कप्प्यात हवा अडकते आणि शॉकअप दबलेलाच राहतो. असा दबून बसलेला शॉकअप कधीही उघडू नका. पुन्हा हवा भरून बघा. तरी लांब झाला नाही तर सर्व्हिस सेंटरकडेच. अडकलेल्या हवेने नळकांडं गोळीसारखं सुटतं.

हवा पूर्ण गेली की शॉकअप फ्रेममधून काढा, व्हॉल्व्हची पिन चावीने काढून ठेवा. टोकाच्या छिद्रातून जाड फडकं ओवा, चष्मा घाला, तोंड बाजूला ठेवा आणि पट्ट्याच्या पान्याने नळकांडं फिरवा. व्हाइसमध्ये धरायचं असेल तर ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची पट्टी मध्ये घाला.

उघडल्यावर आधी बघायचं, मग काढायचं. प्रत्येक सीलचा फोटो घ्या, क्रम आणि दिशा दोन्ही दिसतील असा. जुनं सील टूथपिकने काढा. सुईने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खाचेत ओरखडा पडला तर नवं सीलही धरत नाही. चकचकीत दांड्यावरून नख फिरवा. नख कुठे अडलं तर सील बदलून उपयोग नाही, दांडाच बदलावा लागेल. आत ग्रीसऐवजी बरंच पातळ तेल साठलेलं दिसलं तर डॅम्परचं सील गेलेलं आहे. तिथेच थांबा, बंद करा, शॉकअप बाहेर पाठवा. दोन हजारांचे नवे सील त्यावर वाया घालवू नका.

सगळं ठीक असेल तर अल्कोहोलने पुसा, नवे सील ग्रीस लावून बसवा, मॅन्युअलने सांगितलेलं तेल तेवढंच घाला. पेट्रोल, रॉकेल, डब्ल्यूडी-४० आणि बेअरिंगचं लिथियम ग्रीस यांतलं काहीही सीलजवळ नको. नळकांडं बसवून पिन घाला, पन्नास पीएसआय हवा भरा, दहा वेळा हळू दाबा, मग दाब वाढवत न्या. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. फ्रेमचे बोल्ट त्यांच्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरइतकेच आवळा.

हवा पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरने भरू नका. व्हॉल्व्ह बसतो, म्हणून मोह होतो. पण शॉकअपमध्ये हवेची जागा कपभरही नसते. कंप्रेसरला दाब आवरत नाही, आणि तुम्हाला हवा तेवढा दाब बहुधा त्याच्यात नसतोच. शॉक पंप काढताना ‘फिस्स’ आवाज येतो तो पंपाच्या नळीतला, शॉकअपमधला नाही. पंप पुन्हा लावला की काटा कमी दाखवतो, कारण नळी भरायला शॉकअपमधलीच हवा जाते.

किती भरायची? वजनाचे किलो गुणिले २.२ करा, तेवढ्या पीएसआयने सुरुवात करा. सत्तर किलोला साधारण १५५. कमाल दाबाचा आकडा शॉकअपवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, तो ओलांडू नका. मग हेल्मेट-बॅगसकट बसा आणि दांड्यावरची रबरी रिंग किती सरकली ते मोजा. शॉकअपची चाल ५० मिमी असेल तर १२ ते १५ मिमी दबायला हवा. एप्रिल-मेमध्ये मात्र जपून: पंचवीस अंशाला भरलेले २०० पीएसआय बेचाळीस अंशाला २१२ च्या आसपास जातात. उन्हाळ्यात दाब निघायच्या वेळीच तपासा.

डॅम्परचं काम पुण्या-मुंबईकडच्या सस्पेन्शन सर्व्हिस सेंटरला पाठवायचं. अख्खी सायकल पाठवू नका, नुसता शॉकअप पाठवा. पार्सल अर्ध्या किलोच्या आसपास होतं. घाई असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या हाती द्या. हवा काढून, बुश-स्पेसर घरी ठेवून, सिरियल नंबरचा फोटो घेऊनच पाठवा. पाच ते दहा हजारांचा अंदाज धरा, सुटे भाग वेगळे. उघडण्यापूर्वी लेखी अंदाज मागा आणि ‘दुरुस्त होत नाही’ म्हटल्यास तपासणीचे किती घेणार हेही आधीच विचारा. हे न विचारणाऱ्यांना नंतर परतीच्या कुरिअरसकट हजार-दीड हजार मोजावे लागतात.

सायकल दुकानातल्या ‘फुल सर्व्हिस’मध्ये, हजार-दीड हजार घेतले तरी, शॉकअप बहुधा उघडला जात नाही, बाहेरून पुसून स्प्रे मारतात. तीन प्रश्न विचारा: एअर कॅन उघडणार का, सील बदलणार का, जुने सील परत देणार का. तिसऱ्याला ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. वॉरंटी चालू असेल तर घरी उघडण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा. डॅम्परला हात लावला की ती गेलीच समजा.

बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेल-ग्रीसला १८ टक्के कायम आहे. दोन्ही एकाच ओळीत घालून सगळ्याला १८ लावलेत का बघा. आयात किटच्या पाकिटावर एमआरपी आणि आयातदाराचं नाव असायलाच हवं. बिल, वॉरंटी कार्ड, लेखी अंदाज आणि फोटो दोन वर्षं जपून ठेवा, कारण ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तेवढी आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तिथे सुटलं नाही तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.