रिकामी न आलेली वाटी

(नोकरीसाठी किंवा इतर कारणांनी माणसांना आपले घर सोडावे लागते. नव्या जागी पहिला सण कसा साजरा झाला, ते या पाठात एका मुलाने सांगितले आहे.)

अब्बांची नोकरी बदलीची. 2017 च्या जूनमध्ये आम्ही महाडहून अलिबागला आलो. तेथे जरा कुठे ओळखी झाल्या, तोच पुन्हा बदली झाली. 2018 च्या एप्रिलमध्ये आम्ही पनवेलला आलो. एका वर्षात तीन घरे! पनवेलला अम्मीने लागेल तेवढेच सामान बाहेर काढले. बाकीची खोकी तशीच भिंतीला लावून ठेवली. ती म्हणे, "कशाला सोडायची? पुन्हा बांधायचीच आहेत."

शेजारच्या खोलीत एक आजी, त्यांचा मुलगा व सून राहत. पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ होणार होता. त्यासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे अशा दहा गावांतील लोकांना घरे सोडावी लागली. उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली. नदीचा प्रवाहही वळवला. आजी त्यांपैकीच एका गावच्या. नवे घर बांधून होईपर्यंत त्या भाड्याने राहत होत्या. आम्हांला घर बदलण्याची सवय होती. आजींनी मात्र म्हातारपणी प्रथमच गाव सोडले होते.

रमजान महिना आला. महाडला इफ्तारच्या वेळी शेजाऱ्यांची ताटे येत. येथे कोणी ओळखीचे नव्हते. चाँदरातीला अब्बा म्हणाले, "यंदा ईद साधेपणानेच करू."

माझ्या धाकट्या बहिणीने विचारले, "अम्मी, या घरात ईद येणार नाही का?"

अम्मी काही बोलली नाही. तिने उठून एका खोक्याची दोरी कापली आणि शिरखुर्म्याचे मोठे पातेले बाहेर काढले.

16 जूनला ईद झाली. मी आजींकडे शिरखुर्म्याची वाटी घेऊन गेलो. आजींनी वाटी धुतली आणि तिच्यात तांदूळ भरले. त्या म्हणाल्या, "पोरा, वाटी रिकामी देऊ नये. आमच्या शेतातला हा शेवटचा तांदूळ."

अम्मीने तो तांदूळ शिजवला नाही. डब्यात जपून ठेवला.

सप्टेंबरात गणेशचतुर्थी आली. आजी म्हणाल्या, "यंदा गणपती आणणार नाही. भाड्याच्या घरात देव कसा बसवायचा?"

अम्मीने तो डबा त्यांच्यापुढे ठेवला. "आजी, आमची ईद भाड्याच्या घरातच झाली. हा तांदूळ तुमच्या शेतातला आहे. याचेच मोदक करा."

आजींनी मूठभर तांदूळ हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

त्यांची खोली लहान होती. गणपतीला जागा व्हावी म्हणून त्यांचा पलंग व पिंप आमच्याकडे आणायचे ठरले. पण आमच्याकडे तरी जागा कोठे होती? अम्मीने उरलेली सगळी खोकी त्याच दिवशी सोडली. दीड दिवसाचा गणपती आला. आरतीच्या वेळी मी झांजा वाजवल्या.

पुढे आजी आपल्या नव्या घरी गेल्या. आम्ही पनवेललाच राहिलो. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबरपासून विमाने उडू लागली. ईदला आमची वाटी आजही आजींकडे जाते. तिच्यात आता बाजारातला तांदूळ येतो. पण ती कधी रिकामी येत नाही.

शब्दार्थ : सुरुंग – खडक फोडण्याची दारू, पिंप – पाणी साठवण्याचे मोठे भांडे, झांज – टाळासारखे वाद्य.

स्वाध्याय
1. अम्मी खोकी का सोडत नव्हती?
2. आजींनी दिलेला तांदूळ अम्मीने का जपून ठेवला असेल?
3. तुमच्या शेजाऱ्यांच्या एका सणाविषयी पाच वाक्ये लिहा.